शाळेंतील दवाखाना : मुलांच्या आरोग्यतपासणीचा व दंतचिकित्सेचा पूर्वेतिहास

ज्या शाळेंत मीं बरींच वर्षें संस्कृत शिकविलें, तेथील एका जुन्या खोलीची सफाई चालली असतां कांहीं महिन्यांपूर्वीं मला निरोप आला, कीं रद्दीवाला दाराशीं उभा आहे, कांहीं पाहावयाचें असल्यास लगेच यावें. अशा निरोपाचा अर्थ या त्रैमासिकाच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. मी गेलों. हजेरीपटांचे गठ्ठे, फीवसुलीच्या वह्या, फुटक्या नकाशांच्या गुंडाळ्या, या सर्वांच्या तळाशीं एक गोणी निघाली व तींत विद्यार्थ्यांचीं आरोग्यपत्रकें भरलेलीं होतीं. एखादा मोडी कागद मिळेल या आशेनें गेलेल्या माणसाची प्रथम निराशाच झाली. तरी संवयीप्रमाणें वरचीं पांचपंचवीस पत्रकें चाळलीं, आणि एका पत्रकापाशीं हात थांबला.

पत्रकावर उंची, वजन, डोळे, कान, घसा, दांत व शेरा अशीं सदरें होतीं. मुलगा पांचवींत असतां दांतांच्या सदरांत लिहिलें होतें : ‘खालच्या दाढेस कीड. पालकांस कळविलें.’ सहावीच्या वर्षीं तोच मजकूर. सातवीच्या वर्षीं ‘सूज’ हा एक शब्द अधिक व पुन्हां ‘पालकांस कळविलें.’ आठवीच्या वर्षीं ‘दाढ काढलेली.’ पुढचें घर कोरें. हा सर्व मजकूर एका हातचा नाहीं. वर्गशिक्षकानें डॉक्टरांच्या सांगण्यावरून पत्रक भरावयाचें अशी रीत होती, आणि त्यांतील दोन वर्षांचें अक्षर माझें आहे.

तो मुलगा मला आठवत नाहीं. ‘कळविलें’ म्हणजे काय केलें, हें मात्र चांगलें आठवतें. चतकोर कागदाची चिठ्ठी मुलाच्या हातीं द्यावयाची, ती त्यानें घरीं न्यावयाची, कीं आमचें काम संपलें. दंतवैद्य तालुक्याच्या गांवीं. तेथें जावयाचें म्हणजे दोघांचें एस्. टी.चें भाडें, बापाची एक दिवसाची मजुरी आणि वर उपचाराचा खर्च. चिठ्ठी तालुक्यापर्यंत पोंचली नाहीं, यांत आश्चर्य तें काय?

अस्सल कागदाचें अंतर्गत प्रामाण्य कसें पाहावें हें आपण एकमेकांस नेहमीं सांगत असतों. या पत्रकाचें प्रामाण्य निर्विवाद आहे, कारण तें लिहिणाराच्या विरुद्ध साक्ष देतें. रोग हुडकणें ही एक गोष्ट व रोग बरा करणें ही दुसरी. त्या दोहोंमध्यें जें अंतर आहे तें तोडण्यासाठींच शाळेजवळचा दवाखाना ही संस्था जन्मास आली. तिची हकीकत अलीकडची असली तरी ती विसरली गेली आहे, व म्हणून या पृष्ठांत तिला जागा मागण्यास संकोच वाटत नाहीं.

प्रथम दांतांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण शाळेचा आणि दांतांचा संबंध केवळ योगायोगाचा नाहीं. दुधाचे दांत वीस. ते सहाव्या वर्षाच्या सुमारास पडूं लागतात व बाराव्यातेराव्या वर्षापर्यंत त्यांच्या जागीं कायमचे दांत येतात. म्हणजे मुलाचें नांव शाळेंत घातल्यापासून प्राथमिक शिक्षण संपेपर्यंतचा काळ तोच दंतपालटाचा काळ होय. परंतु सहाव्या वर्षीं आणखी एक गोष्ट घडते व ती बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. दुधाच्या शेवटल्या दाढेच्या मागें एक नवी दाढ उगवते. ती कोणत्याहि दांताला पाडून येत नाहीं; म्हणून आई तिला दुधाचीच समजते आणि किडली तरी ‘पडायचीच आहे’ म्हणून सोडून देते. वस्तुतः ती कायमची असते व गेल्यावर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. माझ्या हातांतल्या पत्रकांतील दाढ बहुधा हीच असावी.

आपल्या जुन्या ग्रंथकारांस हा भेद ठाऊक होता. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानांत दन्तजन्मिक नांवाचा अध्याय आहे. ही बालचिकित्सेची संहिता नेपाळांतील एका खंडित ताडपत्री पोथीवरून राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या परिश्रमानें उजेडांत आली व १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. त्या अध्यायांत बत्तीस दांतांपैकीं आठ ‘सकृज्जात’, म्हणजे एकदांच जन्मणारे, आणि बाकीचे ‘द्विज’ असा विभाग केला आहे. आजच्या शरीरशास्त्राप्रमाणें एकदांच येणाऱ्या दाढा बारा भरतात. अक्कलदाढा वगळल्या तर आठ हा आंकडा जमतो, पण मग बत्तिसांचा हिशेब जुळत नाहीं. तो वाद येथें नको. शब्द मात्र मोलाचा आहे. सहाव्या वर्षाची दाढ सकृज्जात असतां तिला द्विज समजणें, एवढ्या एका गैरसमजानें किती तोंडें बिघडलीं असतील याची गणती नाहीं.

किडीविषयींची समजूत पाहावयाची तर सुश्रुतानें मुखरोग पांसष्ट सांगितले, त्यांपैकीं दांतांचे आठ, आणि त्या आठांत ‘कृमिदन्तक’ हा एक. दांतांत किडा असतो ही कल्पना आपल्याकडेच होती असें नव्हे. युरोपांतहि ती शतकानुशतकें नांदली. पॅरिसच्या प्येर फोशार यानें १७२८ च्या आपल्या ग्रंथांत, सूक्ष्मदर्शकांतून पाहूनहि असा किडा दिसत नाहीं म्हणून ती अमान्य केली. आणि बर्लिन येथें काम करणारा अमेरिकन दंतवैद्य मिलर यानें १८९० च्या ग्रंथांत खरी प्रक्रिया मांडली. तोंडांतील सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करितात आणि त्या आम्लानें दांताचें कठीण आवरण झिजतें. यांतील महत्त्वाचा भाग असा, कीं आरंभीं हें भोंक दुखत नाहीं. ठणका लागतो तेव्हां कीड आंतल्या मज्जेपर्यंत पोंचलेली असते, आणि जें काम थोड्या मिनिटांत भागलें असतें त्याला चिमटा घ्यावा लागतो. म्हणून दुखेपर्यंत थांबणारा दवाखाना मुलांच्या दांतांस निरुपयोगी होय. न दुखणारें भोंक जो पाहतो व तेथल्या तेथें बुजवितो, असा माणूस मुलाजवळ आला पाहिजे.

हें कळण्यास जो प्रसंग कारण झाला तो वैद्यकांतला नव्हे, कायद्यांतला आहे. इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें प्राथमिक शाळा निघाल्या व १८८० च्या कायद्यानें हजेरी सक्तीची झाली. सक्तीपूर्वीं आजारी, उपाशी, बहिरें पोर शाळेंत येतच नसे, त्यामुळें तें कोणास दिसतहि नसे. सक्तीनें तें बाकावर येऊन बसलें, आणि मास्तराच्या लक्षांत आलें, कीं ज्याला आपण मठ्ठ म्हणतों त्याला फळा दिसत नाहीं, व जो चुळबूळ करितो त्याचा कान वाहतो. लंडनच्या शाळामंडळानें १८९० सालीं आणि ब्रॅडफर्डच्या मंडळानें १८९३ सालीं आपापले वैद्यकीय अधिकारी नेमले. तत्पूर्वीं, १८८५ सालींच, स्कॉटलंडांतील डंडी येथील विल्यम फिशर या दंतवैद्यानें शाळकरी मुलांच्या दांतांकडे सक्तीनें लक्ष पुरवावें असा निबंध वाचला होता. तेव्हां त्याचें कोणी ऐकलें नाहीं.

ऐकावयास लाविलें तें बोअर युद्धानें. १८९९ ते १९०२ या काळांत सैन्यांत भरती होण्यास आलेल्या गरीब तरुणांपैकीं मोठा भाग शरीरानें नापास ठरला. दांत नीट नाहींत म्हणून शिपाई निकामी झाल्याचे दाखलेहि पुष्कळ. साम्राज्याला शिपाई हवे होते म्हणून मुलांचे दांत आठवले, ही गोष्ट त्या साम्राज्याच्या प्रजेपैकीं आपण विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीनें १९०४ सालीं शाळांतून वैद्यकीय तपासणी व्हावी अशी शिफारस केली, आणि १९०७ सालीं शिक्षणविषयक कारभाराच्या एका रुक्ष कायद्याच्या तेराव्या कलमांत ती उतरली. या कलमाचे शब्द बारकाईनें पाहण्यासारखे आहेत. मुलांची तपासणी करणें हें स्थानिक शिक्षणमंडळांचें कर्तव्य ठरलें. त्यांच्या प्रकृतीसाठीं पुढील व्यवस्था करणें हा मात्र मंडळांचा केवळ अधिकार ठरला. कर्तव्य टाळतां येत नाहीं, अधिकार बजावला नाहीं तरी चालतें. ‘पालकांस कळविलें’ या माझ्या शेऱ्याचा मूळ पुरुष मला या कलमांत सांपडला.

१९०८ पासून तपासणी सुरू झाली. तिच्या देखरेखीसाठीं शिक्षणखात्यांत जॉर्ज न्यूमन या डॉक्टराची मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झालेली होती. यादी वाढूं लागली तसतशी मंडळांची पंचाईत झाली. रोग कागदावर आला, आतां तो तसाच ठेवावयाचा कसा? खात्याचा सचिव रॉबर्ट मोरँट यास हेंच हवें होतें, तपासणी ही पाचर होती, असें कित्येक इतिहासकार मानतात व तें मला पटतें. १९०९ च्या कायद्यानें उपचाराचा खर्च ऐपतदार आईबापांकडून वसूल करण्याची तरतूद केली. त्या वेळचा वाद आजहि ओळखीचा वाटेल : सरकारनें फुकट औषध दिलें तर आईबाप बेफिकीर होतील, असें एक पक्ष म्हणे, दिलें नाहीं तर तपासणी ही थट्टा होईल, असें दुसरा म्हणे. १९१२ पासून उपचारासाठीं सरकारी अनुदान मिळूं लागलें, आणि १९१८ च्या शिक्षण-कायद्यानें प्राथमिक शाळेंतील मुलांवर उपचाराची व्यवस्था करणें हेंहि कर्तव्य झालें. अधिकाराचें कर्तव्य होण्यास अकरा वर्षें लागलीं. मधल्या मुलांच्या दाढांनीं तेवढी वाट पाहिली नसावी.

त्या अकरा वर्षांत काम चालू ठेविलें तें ठिकठिकाणच्या लहान दवाखान्यांनीं. शाळकरी मुलांसाठीं दांतांचा पहिला दवाखाना एर्न्स्ट येसेन यानें १९०२ सालीं स्ट्रासबुर्ग येथें काढला असें मानतात. तें शहर त्या वेळीं जर्मनीचें होतें, आज फ्रान्सचें आहे. दप्तर शोधणारानें दोन्हीकडे पाहावें. त्याचा कित्ता इंग्लंडांत केंब्रिज येथें १९०७ सालीं जॉर्ज कनिंगहॅम या दंतवैद्यानें गिरविला. पैसा सेडली टेलर या तेथील विद्वानानें दिला व पुढें नगरपालिकेनें तो दवाखाना आपल्याकडे घेतला. खाजगी औदार्यानें एखादी गोष्ट करून दाखवावी व सार्वजनिक संस्थेनें ती चालवावी, हा क्रम आपल्याकडील वाचनालयांच्या इतिहासांतहि दिसतो. इंग्लंडांतील शालेय दंतसेवेचें सूत्र पुढें असें ठरत गेलें, कीं सर्व वयांच्या मुलांमागें एकदम धांवण्यापेक्षां नुकतींच शाळेंत आलेलीं लहान मुलें प्रथम घ्यावीं, त्यांचीं लहान भोंकें बुजवावीं व प्रतिवर्षीं त्यांसच पुन्हां पाहावें. सहाव्या वर्षाच्या दाढेविषयीं वर जें लिहिलें, त्यावरून या सूत्रांतील शहाणपण सहज कळेल.

या सर्व हकीकतींत माझें मन अधिक गुंतलें तें लंडनच्या डेप्टफर्ड वस्तींत. मार्गारेट मॅकमिलन ही ब्रॅडफर्डच्या शाळामंडळाची एके काळची सभासद. तिनें व तिची बहीण रेचेल हिनें १९०८ सालीं बो येथें व १९१० सालीं डेप्टफर्ड येथें शाळकरी मुलांचा दवाखाना काढला; द्रव्यसाहाय्य जोसेफ फेल्स या अमेरिकन साबणवाल्याचें. डोळे, कान, कातडी, दांत, सर्व तेथें पाहत. मुलें बरीं होऊन जात. आणि कांहीं दिवसांनीं तींच मुलें तींच दुखणीं घेऊन परत येत. दमट खोली, न धुतलेलें अंग व अपुरी झोंप हीं दवाखान्याबाहेर जशींच्या तशीं उभीं होतीं. या अनुभवानंतर बहिणींनीं १९११ सालीं मुलींसाठीं उघड्या हवेंत रात्रीं निजण्याची सोय केली, आणि १९१४ सालीं त्यांची प्रसिद्ध खुली बालशाळा निघाली. पुष्कळ ठिकाणीं बालशाळेचा इतिहास शिक्षणाच्या विचारांपासून सुरू करितात. या बालशाळेची वाट दवाखान्यांतून गेलेली आहे, हें सांगावयाचें राहून जातें.

दंतवैद्य आणावयाचे कोठून, हा प्रश्न न्यूझीलंडनें निराळ्याच रीतीनें सोडविला. थॉमस हंटर याच्या योजनेनें १९२१ सालीं वेलिंग्टन येथें तरुण स्त्रियांस दोन वर्षें शिक्षण देऊन ‘दंतपरिचारिका’ तयार करण्यास आरंभ झाला. त्यांनीं फक्त मुलांचे दांत पाहावयाचे, भोंकें बुजवावयाचीं व दुधाचे दांत काढावयाचे. दंतवैद्यांपैकीं अनेकांनीं विरोध केला; तो अंशतः प्रामाणिक असेल, अंशतः धंद्याचा. १९२३ पासून या परिचारिका शाळांच्या आवारांतील छोट्या दवाखान्यांत बसूं लागल्या. कित्येकींजवळ दांत कोरण्याचें यंत्र शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालविण्याचें असे. मुलांनीं त्या खोलीचें नांव ‘खुनी घर’ ठेविलें होतें व तें पिढ्यानुपिढ्या टिकलें. नांव कसेंहि असो, मुलास आपल्या वर्गांतून उठून तेथवर चालत जातां येत असे; गाडीभाडें नाहीं, बुडालेली मजुरी नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. मराठ्यांच्या इतिहासाशीं ज्यांचा संबंध आहे त्यांस बडोद्याचें नांव येथें ऐकून आनंद होईल. हिंदुस्थानांत शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ सालीं बडोदें शहरांत, असें आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांतून नमूद असतें. सयाजीराव महाराजांनीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत प्रयोगादाखल व १९०६ सालीं सर्व राज्यांत सुरू केलें होतें. इंग्लंडांत सक्ती आणि तपासणी यांत सत्तावीस वर्षें गेलीं, बडोद्यांत तीन. सक्तीमागून तपासणी येते हा जो क्रम वर सांगितला, त्यास याहून चांगलें प्रमाण शोधावयास नको. बडोद्याच्या त्या तपासणीचीं मूळ पत्रकें कोणा संग्राहकाच्या हातीं लागलीं, तर त्यांचें मोल एखाद्या सनदेहून कमी समजूं नये.

पुढची वाटचाल मंद आहे. १९४६ सालीं भोर समितीनें, देशांत शाळकरी मुलांसाठीं आरोग्यसेवा जवळ जवळ नाहींच, असा निष्कर्ष काढला. १९६० सालीं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालीं समिती बसली व तिचा अहवाल १९६१ सालीं आला. पुढें वार्षिक तपासणी पुष्कळ शाळांत रुजली, व माझीं पत्रकें त्याच रोपट्याचीं पानें आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमास आरंभ झाला तो आपल्या पालघरांत. पालघर तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें; स्वतंत्र जिल्हा १९१४ नव्हे, २०१४ च्या ऑगस्टांत झाला, हें पुढील काळांतील कालनिर्णय करणारांसाठीं नोंदवून ठेवतों. या योजनेंत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ठराविक व्यंगें व रोग शोधावयाचे असून दांतांचे विकार त्यांत आहेत. दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां जावें, आणि ज्यांस पुढील उपचार हवा त्यांस वरच्या केंद्राकडे पाठवावें, अशी रचना आहे. उपचार विनामूल्य देण्याचें या योजनेनें पत्करलें आहे, ही १९०७ च्या कलमापेक्षां फार पुढची पायरी होय. तथापि ‘पाठविलें’ या शब्दांतहि एक रस्ता दडलेला असतो, आणि तो किती लांब आहे यावर सर्व अवलंबून असतें.

तो रस्ता थोडका करण्याचीं साधनें आतां पूर्वींइतकीं महाग राहिलेलीं नाहींत. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास टांझानियांत एक रीत निघाली : विजेच्या यंत्रावांचून, नुसत्या हातांतील हत्यारांनीं किडका भाग खरवडावयाचा व दांतास स्वतः चिकटणाऱ्या एका लुकणानें भोंक बुजवावयाचें. तें लुकण इंग्लंडांत १९७२ च्या सुमारास पुढें आलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं या रीतीचा पुरस्कार केला. वर्गांतील बाकावर मुलास निजवून हें काम करितां येतें. वाग्भटानें किडक्या दांताची पोकळी गूळ किंवा मेण यांनीं भरून डागावयास सांगितलें आहे, त्याची येथें कोणासहि आठवण होईल. परंतु साम्य तेवढ्यापुरतेंच, त्यावरून प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असें अनुमान मीं काढणार नाहीं व कोणी काढूं नये.

शेवटीं कागदांविषयीं. शाळांच्या दप्तरांतून आपण जन्मतारखा, जाती, गांवें व नांवांचीं जुनीं रूपें शोधतों. आरोग्यपत्रकांकडे मात्र कोणी पाहत नाहीं आणि जागा मोकळी करावयाची झाली कीं प्रथम तींच जातात. एका गांवच्या मुलांची उंची व वजन तीस वर्षांत कसें बदललें, दुष्काळाच्या वर्षाचा परिणाम किती वर्षें दिसला, साखरेचा खप वाढल्यावर दांत कसे झाले, हें जाणण्यास याहून जवळचें साधन नाहीं. बखरकार हें लिहीत नाहींत. मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. या पत्रकांवरचीं माणसें बहुधा हयात आहेत आणि आपलें दुखणें दुसऱ्यानें वाचावें अशी परवानगी त्यांनीं दिलेली नाहीं. म्हणून नांवांचा भाग झांकून नक्कल करावी व मूळ पत्रक बंद ठेवावें.

गोणी सध्यां माझ्या घरीं आहे. शाळेच्या चालकांची लेखी अनुमति घेतली. पत्रकें झटकून, वर्षवार लावून, कडुनिंबाच्या पाल्यासह सहा रुमालांत बांधलीं आहेत. दोन रुमालांतील कागदांस ओल लागलेली असून त्यांची शाई पसरली आहे. त्यांची नक्कल प्रथम चालू केली आहे. ज्यांच्या संग्रहीं १९५० पूर्वींचीं अशीं पत्रकें, विशेषतः बडोदें संस्थानांतील, असतील त्यांनीं त्यांचा आकार, सदरें व सालें एवढें तरी कळविण्याची कृपा करावी.